खांडेकर आपल्याकडून कधी सुटले?

आईच्या कपाटाच्या खालच्या खणात वि. स. खांडेकरांची अकरा पुस्तकं होती. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर, वर शाईपेनाने तिच्या अक्षरात लिहिलेलं नाव. ती गेल्यावर घर आवरायला काढलं, तेव्हा भावाने तो गठ्ठा उचलला आणि विचारलं, "ताई, ही कुणी वाचणार आहे का, की रद्दीत घालू?" मी लगेच काही बोलले नाही. ते क्षणभर गप्प बसणं मला अजून टोचतं. पंधराव्या वर्षापर्यंत या खणातलं जवळजवळ सगळं मी वाचलं होतं. 'अमृतवेल' वाचून रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते. आणि विसाव्या वर्षी, कॉलेजातल्या वाचणाऱ्यांच्या एका घोळक्यात कुणीतरी "खांडेकर म्हणजे सुविचारांची वही" असं म्हणालं, तेव्हा मीही मान डोलावली होती. मधल्या पाच वर्षांत खांडेकरांचं एक पानही मी पुन्हा उघडलं नव्हतं. रडण्यापासून मान डोलावण्यापर्यंत मी पोचले ती काहीही न वाचता.

मराठीत लेखक सोडण्याची ही रीत फार रूढ आहे आणि माझी तक्रार तिच्याबद्दल आहे. लेखक सोडूच नये असं मी म्हणत नाही. वाचणारा माणूस वाढतो, बदलतो, एखादा लेखक त्याच्या हातून निसटतो. त्यात ना लेखकाचा गुन्हा, ना वाचकाचा. पण वाचून सोडणं वेगळं आणि लाजून सोडणं वेगळं. आपण कितीतरी लेखक लाजेपोटी सोडले. त्यामुळे ते आपल्याला आवडत का होते, हे तपासायचं राहूनच गेलं.

आवडत का होते? मला वाटतं, कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याकडे वाचक एखादा प्रश्न घेऊन जातो. तो प्रश्न त्याला धड मांडता येत नसतो, घरात कुणाला विचारता येत नसतो. लेखक उत्तर देतोच असं नाही. तो त्या प्रश्नापाशी आपल्याजवळ बसून राहतो. म्हणून तर आवडत्या लेखकाला कुणी नावं ठेवली की आपल्यालाच बोलल्यासारखं लागतं.

खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि पुढची सुमारे अठरा वर्षं तिथेच राहिले. त्याच शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या १९३४ साली आल्या. त्या काळातले त्यांचे वाचक डोळ्यांपुढे आणून पाहा: तुटपुंज्या पगारावरचा शिक्षक, खादी घालायला लागलेला आणि घरच्यांशी वाकडं आलेला तरुण, शिकूनही हुंड्यापायी खोळंबलेली मुलगी. चांगलं वागून या जगात निभाव लागतो का, हा या सगळ्यांचा प्रश्न होता. खांडेकरांनी तो जन्मभर धरून ठेवला. गुजराती आणि तमिळ वाचकांनीही त्यांना आपलं मानलं, कारण हा प्रश्न एकट्या मराठी माणसाचा नव्हता. त्यांच्या उपमा, रूपकं, पानापानावरची चमकदार वाक्यं आज जड वाटतात, हे मी मान्य करते. पण त्या वाचकांना ती वाक्यं वहीत उतरवून घ्यावीशी वाटत, कारण त्यांना धीर हवा होता आणि धीर देणारं दुसरं कुणी जवळ नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न हळूहळू मागे पडला. नोकरी, जागा, बढती, मुलांचं इंग्रजी यांत मध्यमवर्ग गुंतला आणि ध्येयवादी नायक त्याला अवघडल्यासारखा वाटायला लागला. इथे खांडेकर संपायला हवे होते. पण १९५९ साली 'ययाति' आली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडून आपली बाजू सांगतात आणि मुलाचं तारुण्य मागून घेणारा बाप समोर उभा राहतो. मिळालं ते पुरे कधी वाटायचं, हा तिचा प्रश्न. १९५९ मध्ये तो महाराष्ट्रातल्या मोजक्या घरांचा असेल, आज तो जवळजवळ प्रत्येक घरात आहे. १९७४चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलंच. पण 'ययाति' पुरस्कारावर टिकलेली नाही. आजही ती पुस्तकांच्या दुकानात सहज मिळते आणि 'उल्का' मात्र शोधावी लागते, याचं कारण मला या दोन प्रश्नांत दिसतं. म्हणजे खांडेकरांना आपण सोडलं हेही पुरतं खरं नाही. त्यांचा एक प्रश्न आपण सोडला, दुसरा आपल्याला सोडवत नाही.

ना. सी. फडक्यांचं तसं झालं नाही. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या कादंबऱ्यांवर १९२५ ते ४०मधली कॉलेजची पिढी लुब्ध होती. भाषा नितळ, कथानक घोटून घेतलेलं, आणि तरुण स्त्री-पुरुषांनी मोकळेपणाने भेटावं, बोलावं, प्रेमात पडावं असं एक जग. प्रत्यक्षात ते जग फार थोड्यांच्या वाट्याला येत होतं, म्हणून पुस्तकात हवंहवंसं वाटे. कादंबरी कशी रचावी हे त्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये समजावूनही सांगितलं. पुढे हेच स्वप्न सिनेमा जास्त उजेडात आणि गाण्यांसकट दाखवू लागला. खांडेकर-फडके वाद, म्हणजे जीवनासाठी कला की कलेसाठी कला, हा आपल्या पाठ्यपुस्तकी आठवणीत उरला आहे. पण खुद्द फडक्यांची कादंबरी माझ्या ओळखीतल्या पन्नाशीखालच्या कुणी वाचलेली मला ठाऊक नाही. फडके वाचूनच सुटले असावेत. तो वाचक त्यांच्यापाशी ज्यासाठी येत होता ते त्याला दुसरीकडे स्वस्तात मिळू लागलं, इतकंच.

मात्र "मराठी वाचकांचे लाडके लेखक" असं म्हणताना आपण कुणाबद्दल बोलतो, हे स्वच्छ सांगायला हवं. सोडायला आधी धरलेलं असावं लागतं. 'ययाति' आली त्याच १९५९ साली अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' आली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची, आणि बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही १९६३चाच. ज्या वाचकाला फडक्यांच्या दिवाणखान्यात कधी पाऊल टाकायला मिळालं नाही, खांडेकरांच्या करुणेतही ज्याला पाहुण्यासारखं बसावं लागलं, त्याने इथे पहिल्यांदा आपलं घर पाहिलं. त्याच्यासाठी साठे-बागूल आवडते लेखक तर होतेच, शिवाय आपण पुस्तकात मावतो याचा तो पुरावा होता. अशा लेखकाला वाचक सहजासहजी सोडत नाही. शैली जुनी झाली, एखादा प्रसंग भडक वाटला, तरी सोडत नाही.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ला बाजूला सारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. १९६७ साली ही कादंबरी आली तेव्हा सावंत सत्तावीस वर्षांचे होते. "अलंकारिक आहे, पसरट आहे, कर्णाचं उदात्तीकरण आहे" हे आक्षेप मी चाळीस वर्षं ऐकत आले आणि तिन्हीत तथ्य आहे. पण गुण असूनही जन्मावरून दारातच अडवलं जाणं, हा कर्णाचा प्रश्न आपल्या समाजाने सोडवलेला नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, वसतिगृहाच्या खोलीत, उशाशी 'मृत्युंजय' ठेवणारा मुलगा कर्णात स्वतःला पाहतो. त्याला "हे काय वाचतोस" म्हणणाऱ्याने आधी तो ती का वाचतो हे विचारावं.

वाचून सोडण्याचंही उदाहरण देते, कारण तेही झालेलं मी जवळून पाहिलं आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ज्यांना विशीत भेटली, त्यांची बोलीच बदलली. 'उदाहरणार्थ', 'वगैरे', 'थोर' हे शब्द पांडुरंग सांगवीकरासारखे वापरणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला आलेला, शिक्षणाने काहीच हाती न लागलेला, बहिणीच्या मरणाने आतून कोसळलेला हा मुलगा त्या पिढीला स्वतःहून जवळचा वाटला. मनीच्या मृत्यूची पानं मी आजही सलग वाचू शकत नाही. याच वाचकांनी नेमाड्यांच्या 'हिंदू' या कादंबरीची वर्षानुवर्षं वाट पाहिली. २०१० साली ती आली आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्यांनी ती अर्ध्यावर ठेवली. ते नेमाड्यांवर रागावले. मला वाटतं, ते आपल्या विशीवर रागावले होते. त्यांना पांडुरंग हवा होता आणि नेमाडे पन्नास वर्षं पुढे गेले होते, शेतीत, जातींत, भाषांत, उत्खननात. लेखकाने बदलू नये असा हट्ट आपण आवडत्या लेखकापाशीच धरतो. मी 'हिंदू' दोनदा वाचली. तिचा पसारा मला अनेक ठिकाणी थकवतो, पण तिच्यातल्या बायकांच्या कहाण्यांसाठी मी तिच्याकडे पुन्हा जाईन.

जी. ए. कुलकर्ण्यांच्या वाटेवरही काही वाचक असेच मागे राहिले. 'निळासावळा', 'पारवा'मधली घरं, गल्ल्या, मुकाट सोसणारी माणसं ज्यांना आपली वाटली, ते 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार'पाशी येऊन थबकले. तिथे गाव नाही, ओळखीचं नातं नाही, नियतीशी उघड्या माळावर गाठ आहे. धारवाडात राहून, सभा-संमेलनांपासून लांब राहून जी. ए. आपल्या वाटेने गेले. वाचकाला मागे वळून हाक मारली नाही. 'काजळमाया'ला मिळालेलं साहित्य अकादमीचं पारितोषिक त्यांनी परत केलं, तेही याच स्वभावाने. ज्याला त्यांच्यामागे जाता आलं नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये. तो वाचून थांबला, आणि थांबण्याची जागा त्याला नेमकी ठाऊक आहे.

आता त्या लाजेकडे येते. आपल्याकडे वाचनाच्या पायऱ्या कल्पिलेल्या आहेत. खाली बाबूराव अर्नाळकर, मग सुहास शिरवळकर, मग व. पु. काळे, मग ऐतिहासिक कादंबरी, मग पेंडसे, आणि वर जी. ए., नेमाडे. वरच्या पायरीवर पाय ठेवला की खालची पायरी आपली नव्हतीच, असं वागायचं. या पायऱ्यांनी वपुंचं जेवढं नुकसान केलं तेवढं क्वचितच कुणाचं केलं असेल. वपु मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते. माणसाला राहायला किती जागा मिळते आणि त्या जागेत त्याला एकांत किती मिळतो, हे त्यांना नोकरीतूनच कळत असणार. 'पार्टनर' काढून पाहा. आई, बायको आणि घराची अडचण यांत घुसमटलेला मुंबईतला एक साधा तरुण, आणि स्वतःचं नावही न सांगणारा त्याचा तो मित्र. लोकलमध्ये उभ्याने दोन तास घालवून अडीच खोल्यांत परतणाऱ्या कितीतरी स्त्री-पुरुषांना "तुम्ही गर्दीत आहात आणि एकटे आहात" हे पहिल्यांदा या माणसाने सांगितलं, पुस्तकातून आणि कथाकथनाच्या कॅसेटमधून. आमच्या डोंबिवलीच्या मावशीकडे त्या कॅसेट होत्या. रविवारी भाजी निवडताना ती ऐकायची आणि मधेच हात थांबवून नुसती बसायची.

आज वपुंचं काय उरलं आहे? सकाळी मोबाइलवर येणारं, फुलांच्या चित्रावर छापलेलं एखादं वाक्य, आणि ते त्यांनी लिहिलेलं असेलच याची खात्री नाही. 'वपुर्झा'सारख्या वेच्यांच्या पुस्तकाने याला थोडा हातभार लावला, हे कबूल करायला हवं. पण या वाक्यांवरून वपुंना हसणारे त्यांची कथा वाचून हसत नाहीत. ते दुसऱ्याने पाठवलेल्या वाक्याला हसतात आणि आपण लेखकाला निकालात काढला असं समजतात.

चाळिशीत मी वपु ठरवून पुन्हा वाचले आणि त्यातले बरेच खाली ठेवले. त्यांच्या बायका मला खटकल्या. समजून घेणाऱ्या, सावरणाऱ्या, पुरुषाच्या दुःखाला उशी देणाऱ्या. तोवर मी गौरी देशपांड्यांचं 'एकेक पान गळावया' वाचलेलं होतं. स्वतःच्या मनाची जबाबदारी स्वतः घेणारी बाई पाहिल्यावर वपुंची नायिका मला पुरेना. त्याच्याही कितीतरी आधी, १९३३ साली, विभावरी शिरूरकरांनी 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये शिकलेल्या, मिळवत्या आणि तरीही कोंडलेल्या मुलींचं मन उघडं केलं होतं, आणि या टोपणनावामागे कोण आहे याच्या शोधाला तेव्हाचे लोक लागले होते. बाईने स्वतःबद्दल लिहिलं की आधी तिचा पत्ता शोधायचा, ही आपली जुनी खोड. तर वपु माझ्या हातून सुटले ते असे. मला ती जागा सांगता येते, त्या कथा दाखवता येतात. आणि माणसाच्या एकटेपणावरची त्यांची काही पानं अजूनही माझ्याजवळ आहेत, तीही मला दाखवता येतात. खांडेकरांच्या बाबतीत विसाव्या वर्षी मी यांतलं एकही करू शकले नसते.

ही गोष्ट एकेकट्या वाचकाच्या मनापुरती राहिली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. पण लाजेने सोडलेला लेखक वाचनालयाच्या फळीवरूनही जातो. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय या त्यांच्या नायकांसाठी गिरणगावात आणि तालुक्याच्या गावांत रांगा लागत. नुकतं अक्षर जुळवायला शिकलेला माणूस सलग शंभर पानं वाचायला शिकला तो या पुस्तकांवर. हलका कागद, पिनांची बांधणी. ती जपावीत असं फारसं कुणाला वाटलं नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली निर्दोष सोडलं. मराठीतला एक लोकप्रिय लेखक लिहिण्याच्या हक्कासाठी दिल्लीपर्यंत लढला. आज त्याची पुस्तकं हातात घेऊन पाहायची म्हटली तर कुठे जावं? माझ्या गावच्या वाचनालयात एका वर्षी "जीर्ण व मागणी नसलेली" म्हणून पोती भरून पुस्तकं बाद झाली. मी विचारायला गेले तेव्हा यादीही उरली नव्हती. मागणी नसणं हे कारण मला पटत नाही. 'दुनियादारी' शिरवळकरांनी १९८२ साली लिहिली. ते २००३ मध्ये गेले. २०१३ साली सिनेमा आला आणि जी मुलं त्यांच्या हयातीत जेमतेम शाळेत होती ती दुकानात येऊन कादंबरी मागू लागली. मागणी परत येते. तेव्हा पुस्तक जागेवर असायला हवं.

प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने निदान आपल्या भागातल्या लोकप्रिय लेखकांची एकेक प्रत बाद न करता राखून ठेवावी, एवढी माझी मागणी आहे. आणि मराठी विभागांत जी. ए., नेमाड्यांवर जसे प्रबंध होतात तसेच वपु, काकोडकर, अर्नाळकर, योगिनी जोगळेकर यांच्या वाचकांवर व्हावेत. हे वाचक कोण होते, कुठे राहत, पुस्तक कुठून आणत, काय वाचून थांबत, हे सांगू शकणारी माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खोटा वाटत नाही. पायऱ्या नकोत, तर मग अभिरुची वाढायची कशी? सगळंच सारखं चांगलं म्हणायचं का? मुळीच नाही. 'काजळमाया' आणि एखादी उरकून टाकलेली रहस्यकथा सारखी नाही, हे मी कुणाहीपुढे म्हणेन. पण ज्याला आपण पहिल्यांदा का रडलो हे आठवत नाही, त्याला पुढचं चांगलं पुस्तक का चांगलं आहे हेही कळत नाही. त्याला फक्त कुणाचं नाव घ्यायचं ते कळतं. अशी नावं घेणारे वाचक मी खूप पाहिले आहेत. त्यांची आवड दर पाच वर्षांनी बदलते आणि वाचन आहे तेवढंच राहतं.

आईचा गठ्ठा रद्दीत गेला नाही. मागच्या पावसाळ्यात मी 'अमृतवेल' परत वाचायला घेतली. पहिली तीस-चाळीस पानं जड गेली. नंदाचं दुःख जिथे तिथे उपमांनी झाकून जात होतं, मी दोनदा पुस्तक मिटलं. मग तिचे वडील तिला लिहितात त्या पत्रापाशी आले. त्या पानाच्या समासात आईच्या हातची पेन्सिलीची बारीक तारीख होती, १९८१ च्या ऑगस्टमधली. माझा धाकटा मामा त्या जुलैत बुडून गेला होता. त्या दिवसांत आई स्वयंपाक करत होती, आम्हाला शाळेत धाडत होती, आलेल्यागेलेल्यांना चहा देत होती, आणि तिने कुठलंही पुस्तक हातात घेतल्याचं मला आठवत नाही.